सांधा म्हणजे ब्रेक लायनर नव्हे, भावा

कोल्हापुरातल्या घोडेवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘घोड्याचा सांधा ब्रेक लायनरसारखा, पळेल तितका झिजेल. शिंगरू तीन वर्षं खुंट्याला ठेवा, मग थेट शर्यतीला काढा. पाय धरलाच तर तेल चोळा.’

लायनर न वापरता ठेवला तर तसाच राहतो. सांध्याचं तसं नाही. हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, म्हणजे कूर्चा, हिच्यात रक्तवाहिनीच नसते. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की फुगते आणि ओल्या स्पंजासारखी वंगण ओढून घेते. घोडा उभाच राहिला तर ही ये-जा मंदावते.

शिंगराची गोष्ट तर उलटीच आहे. जन्मतः कूर्चा सांध्यात सगळीकडे जवळपास सारखी असते. कुठं किती कणखर व्हायचं, हे पहिल्या काही महिन्यांत आईमागं बागडताना ठरतं. नंतर तिची वीण फारशी बदलत नाही. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाचं खालचं टोकही वर्षाच्या आतच वाढायचं थांबतं. खुंट्याला बांधून सांधा जपला जात नाही, कच्चा ठेवला जातो.

आणि असा घोडा थेट शर्यतीला? चौखूर उधळताना पुढच्या एका पायावर अंगाच्या सुमारे अडीचपट भार येतो. ४०० किलोचा घोडा असेल तर एका पायावर टनभर! हा भार सोसायला हाड तयार होतं, पण सावकाश, महिने घेऊन. घाई केली की कूर्चेखालच्या हाडात बारीक चिरा साठतात, ते हाड दाट आणि कडक होतं, आणि वरची कूर्चा त्यावर आपटून खराब होते. लंगडणं दिसतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

जे सांगायला हवं होतं, ते मजकुरात नाहीच. लोखंडी नाल डांबरावर टेकताच खूर एकदम थांबतो आणि झटका वर चढतो. मातीत तो जरा घसरतो, रुततो. रंकाळा तलावावर फेरी संपली की घोडा जागच्या जागी वळवतात, तेही वाईटच. खुराजवळचे सांधे पुढंमागं वाकायला बनलेत, वळताना भार एका कडेला जातो.

राहिलं तेल. ते कातडीपुरतंच. मोठ्या घोड्याची कूर्चा फाटली की मूळच्यासारखी भरत नाही. पण रोज चोळणाऱ्या हाताला सूज आणि ऊब आधी कळते. तशी लागली तर त्या दिवशी जुंपायचं नाही.