‘अमेरिकनांनी इंग्रजीची वाट लावली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘खरी इंग्रजी ब्रिटिशांचीच, अमेरिकनांनी तिची वाट लावली. मुलांना अमेरिकन शब्दांपासून लांब ठेवा. पाचशे इडियम्स पाठ करून घ्या. प्रिपोझिशनला नियम नसतात, त्या घोकायच्याच.’ मी मराठी माध्यमातल्या आठवी-नववीच्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. असल्या सल्ल्याने मुलं तोंड उघडायलाच घाबरतात, म्हणून उत्तर देतेय.

आधी ‘वाट लावली’बद्दल. पानगळीच्या ऋतूला अमेरिकेत ‘फॉल’ म्हणतात, पण हा शब्द इंग्लंडमधूनच तिकडे गेला. मायदेशी मागे पडला, तिकडे टिकला. ‘गेट’च्या ‘गॉटन’ या रूपाचंही तसंच. ‘सॉकर’ तर इंग्लंडमध्येच जन्मला. ‘असोसिएशन फुटबॉल’मधल्या ‘असोसिएशन’चं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं लाडकं रूप. स्पेलिंगचं म्हणाल तर शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या छापील संग्रहात ‘ऑनर’ यू घालूनही आहे आणि यूशिवायही. पुढे इंग्लंडमधल्या सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने यू ठेवला, वेबस्टरच्या १८२८ च्या अमेरिकन कोशाने काढला. ‘ऑर्गनाइझ’मधला झेड अमेरिकन समजून खोडणाऱ्यांनी ऑक्सफर्डचा कोश उघडावा, तिथे झेडलाच पसंती आहे. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत, तेव्हा परीक्षेत मुलांनी तेच स्पेलिंग लिहावं. पण ते आपल्याकडे रुळलंय म्हणून; दुसरं अशुद्ध आहे म्हणून नव्हे.

अमेरिकन शब्दांपासून लांब ठेवून तर नुकसानच होईल. आपला आणि ब्रिटिशांचा ‘फर्स्ट फ्लोअर’ एक जिना चढून येतो, अमेरिकनांचा सहसा रस्त्यालगत असतो. एखादा विषय ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची बैठकीत लांबलचक वादावादी झाली, असं चर्चिलनेच लिहून ठेवलंय. उद्या पुण्यात बसून अमेरिकेतल्या माणसांबरोबर काम करणाऱ्या मुलाला दोन्ही अर्थ ठाऊक हवेत.

इडियम्सचं थोडक्यात सांगते. पाचशे पाठ केलेला मुलगा पाऊस आला की ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा कुत्र्या-मांजरांचा इडियम काढतो. रोजच्या बोलण्यात लोक साधं ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. पाच शिका, पण कोण कुणाला कधी म्हणतं यासकट.

प्रिपोझिशनबद्दलच्या सल्ल्याचा मात्र मला खरोखर राग येतो, कारण मुलं सर्वांत जास्त तिथेच अडखळतात. माझ्याकडच्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘माय मदर वॉज अँग्री ऑन मी.’ आधीच्या कुणीतरी त्यावर नुसती लाल फुली मारलेली. मी म्हटलं, हेच मराठीत म्हण. ‘आई माझ्यावर रागावली.’ म्हणताना ‘वर’पाशी ती थबकली. तिचा ‘ऑन’ तिथून आला होता. इंग्रजीत तिथे ‘विथ’ लागतो. ‘बद्दल चर्चा केली’मधून ‘डिस्कस्ड अबाउट’ येतं, ‘त्याच्याशी लग्न’मधून ‘मॅरिड विथ हिम’. पहिल्यात ‘अबाउट’ नकोच, दुसऱ्यात ‘टू’ हवा. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. मराठीतलं चांगलं वाक्य डोक्यात असतं, त्यातून त्या होतात. नुसतं घोकून तो धागा सापडत नाही.

आणि नियम अगदीच नाहीत असंही नाही. आपण कारमध्येही बसतो आणि बसमध्येही. इंग्रजीत ‘इन द कार’, पण ‘ऑन द बस’. जिच्यात उभं राहून चालता येतं अशा बस, ट्रेन, विमान, जहाजाला बहुधा ‘ऑन’. हे एकदा सांगितलं की मुलं स्वतःच विचारतात, ‘मॅडम, मग रिक्षा?’ रिक्षा ‘इन’.

त्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर आता दोन रकाने आहेत. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी, आणि दगा देणाऱ्या ‘वर’, ‘शी’, ‘बद्दल’भोवती पेन्सिलीचा गोल. काल तिने स्वतःहून ‘आजीला भेटले’ लिहून ‘ला’भोवती गोल केला आणि उजवीकडे ‘मेट टू’मधला ‘टू’ खोडला.