दुधाच्या दाढेचा थाट

गेल्या महिन्यात आमच्या घरात दोन दाढा एकदमच ठणकायला लागल्या. एक चिरंजीवांची, एक माझी. त्याची दुधाची, माझी कायमची. निदान तोवर तरी कायमची.

"दुधाचीच आहे, पडेल आपोआप. तोवर लवंग धर," हा आईचा सल्ला. तो चिरंजीवांसाठी होता. माझ्या दाढेची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

बायकोनं मुलांच्या दातांच्या वेगळ्या डॉक्टर शोधल्या. मला वाटलं, वेगळं म्हणजे काय, भिंतीवर जिराफ असेल. जिराफ होताच. पण बाई बीडीएसची 5 वर्षं झाल्यावर आणखी 3 वर्षं खास पोरांचे दात शिकून आल्या होत्या. दात 32 ऐवजी 20, आणि शिक्षण मात्र जास्त!

"या बटणानं खुर्ची वर जाते. दाबतोस?" असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. चिरंजीव चार वेळा वर-खाली करून आले. मग गरगर फिरणारा इवलासा ब्रश त्यांनी त्याच्या अंगठ्याच्या नखावर टेकवला. "गुदगुल्या होतात?" होत होत्या. पाणी उडवणारं यंत्र म्हणजे शॉवर, थुंकी ओढणारी नळी म्हणजे हत्तीची सोंड. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ही रीत म्हणे 1959 पासूनची. मी पहिल्यांदा दात दाखवायला गेलो 1989 साली. 30 वर्षांत ती आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात बापाचं कर्तव्य म्हणून मी बोललो, "घाबरायचं नाही हं, इंजेक्शन अजिबात दुखत नाही!"

सोंडेशी खेळणारा हात थांबला. "इंजेक्शन?"

"बाबा," बाई मला म्हणाल्या, "तुम्ही त्या खुर्चीत बसा. आणि बोलू नका."

तिथे 'सुई' आणि 'दुखणं' हे शब्द वर्ज्य. 'दुखणार नाही' यातलं पोरांना फक्त 'दुखणार' तेवढं ऐकू येतं म्हणे. तिथे दाढेला झोपवतात. सुई कधी आली नि कधी गेली, मलाही दिसली नाही, आणि मी तर तीच शोधत होतो.

शेवटी बोलायची परवानगी मिळाल्यावर मी आईचा प्रश्न विचारला, की पडणाऱ्या दाढेवर एवढा खर्च कशाला? तर मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकावी लागते. ती आधीच काढली तर शेजारची दाढ सरकून बसते आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही. थोडक्यात, एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. आईला हे तत्काळ पटलं. रूट कॅनालमध्ये भरायचा मसालाही वेगळा, मुळांबरोबर विरघळणारा, कारण दुधाची मुळं पुढे आपसूक झिजतात. वर स्टीलची कॅप. चिरंजीव आता मुद्दाम त्याच बाजूनं हसतात.

चार दिवसांनी माझी पाळी. आमचे डॉक्टर मोठ्यांचे. भिंतीवर जिराफ नाही, किडक्या दाढेचा उभा छेद.

"किती दिवस अंगावर काढलीत?"

"फार नाही, दिवाळीपासून."

"कुठल्या दिवाळीपासून?"

मग "आ करा. मोठा. अजून मोठा." सुई मला पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसली. तोंडात कापसाचे बोळे गेले, ओठ माझा राहिला नाही आणि कानाशी ते मशीन एकदा नुसतंच गुरगुरलं. माझा धीर सुटला. आधी नखावर दाखवा की हो! पण बोलणार कसं? मी अंगठा वर करून डॉक्टरांच्या नाकासमोर धरला.

"व्हेरी गुड," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.