‘दिवा हिरवाच होता’: आमच्या गोल्फ कार्टबद्दल ताईंनी लिहिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू आला त्याच दिवशी वाचला होता. उत्तराला पाच दिवस लागले, कारण कार्ट परत येऊन ती स्वतः उघडून बघितल्याशिवाय मला काही लिहायचं नव्हतं. आता बघितली आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्याकडून पाच दिवसांसाठी 48 व्होल्टची इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट भाड्याने घेतली आणि ट्रेलरवरून कॅम्पिंगच्या जागी नेली. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना फार चालवत नाही, म्हणून कार्ट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चढावर गाडी मंदावली, हिसके देऊ लागली आणि थांबली. दहा मिनिटांनी चालली, पुन्हा थांबली. आमचा फोन चाळीस मिनिटं कोणी उचलला नाही. उचलल्यावर ‘चार्ज संपलाय, दुसऱ्या गाडीने ओढून आणा’ असं सांगण्यात आलं. ओढून आणल्यावर गाडी कायमचीच बंद पडली आणि वर आम्ही कंट्रोलरचे (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे) पैसे डिपॉझिटमधून कापले. ताईंनी एक तारा दिला आणि लिहिलं, ‘मेलेल्या बॅटऱ्या देऊन लोकांना वाऱ्यावर सोडतात.’

वाऱ्यावर सोडलं, हे खरं आहे. अंधार पडत असताना वडिलांना उतारावर उभ्या गाडीत बसवून तुम्ही फोन लावत होतात आणि आमच्याकडे रिंग वाजत होती. त्या संध्याकाळी फोन एकाच माणसाकडे होता आणि तो दुसरी गाडी ट्रेलरवर चढवत होता. हे कारण झालं, सबब नाही. माफी मागतो, तुमची आणि तुमच्या वडिलांचीही.

बॅटऱ्यांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मांडलं नाही तर खरा दोष झाकला जाईल. या कार्टमध्ये 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. पूर्ण भरलेला असा संच विश्रांतीत सुमारे 50.9 व्होल्ट दाखवतो आणि अर्धा रिकामा झाला की 48 च्या थोडा वर. तुमची कार्ट परत आली तेव्हा, चार्जिंगला लावायच्या आधी, मीटरवर 49.6 होते. म्हणजे संच पाऊण भरलेला होता. सहाही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या, लोड देऊन बघितल्या, एकही खाली बसली नाही. बॅटऱ्या मेलेल्या नव्हत्या.

दोष होता तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीला जोडणाऱ्या केबलच्या टोकाशी. तिथलं नट सैल होतं. सीट उचलल्याबरोबर दिसलं: केबलचं थिंबल (टोकाची धातूची कडी) काळंनिळं पडलेलं, त्याखालचा बॅटरीचा शिशाचा खांब एका बाजूने वितळून ओघळलेला. शिसं वितळायला 327 अंश सेल्सिअस लागतात, त्यावरून तिथे काय तापमान झालं असेल ते समजून घ्या.

सैल नटामुळे एवढं होतं, हे अनेकांना पटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. चढावर माणसं बसलेली कार्ट सहज 200 अँपिअर ओढते. जोडात फक्त 0.01 ओहम जास्तीचा रोध (विजेला अडथळा) आला, तरी 2 व्होल्ट त्या एका ठिकाणी गळतात आणि 400 वॅट उष्णता बोटाएवढ्या जागेत तयार होते. उष्णतेने जोड आणखी बिघडतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. शेवटी मोटरपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचतच नाहीत आणि गाडी उभी राहते. दहा मिनिटं थांबलं की जोड गार होतो, थोडा प्रवाह जाऊ लागतो, गाडी निघते आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच.

तुम्ही फोनवर नेमकं हेच सांगितलं होतं. रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकलं. ‘दिवा हिरवाच आहे, पेडल दाबलं की टक आवाज येतो, पण गाडी ओढत नाही, आणि थांबलं की परत चालते.’ ताई, याहून चांगलं वर्णन मिस्त्रीलाही जमणार नाही. हिरवा दिवा म्हणजे संचात चार्ज आहे. टक आवाज म्हणजे सोलेनॉइड (मोटरकडची वीज चालू-बंद करणारा मोठा स्विच) खेचला जातोय, म्हणजे किल्ली, पेडलचा स्विच, पुढे-मागेचा स्विच हे सगळं आपलं काम करतंय. मग उरतो तो जाडजूड केबलचा मार्ग आणि सोलेनॉइडच्या आतले संपर्क. फोन घेतलेल्या आमच्या मुलाने तिथेच ओळखायला हवं होतं. तुम्ही ओघात म्हणालात की आदल्या रात्री चार्जर मधेमधे बंद पडत होता, आणि त्याने तेवढंच धरून ठेवलं. चार्जर बंद पडत होता तो लांब, बारीक एक्स्टेंशन वायरमुळे. चार्जरला कमीत कमी लांबीची, जाड तारेची वायर लागते, गुंडाळी पूर्ण उलगडून. हे गाडी देताना आम्ही सांगायचं असतं आणि सांगितलं नाही.

आणि तो नट सैल कसा राहिला? गाडी बाहेर पाठवण्याआधी आम्ही जोड हाताने हलवून बघायचो. हाताला घट्ट लागलेला जोड ट्रेलरवर काही तास हादरे खाऊन सैल होऊ शकतो, हे मला माहीत असायला हवं होतं. इतकी वर्षं हा धंदा करतोय. आता प्रत्येक फेरीआधी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), बॅटरी बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळतो. त्याहून जास्त नाही, कारण जास्त आवळलं तर खांब आतून हलतो आणि पुन्हा तेच दुखणं.

आता ओढून आणण्याचा विषय. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, कारण तोवर दुरुस्ती एका केबलची आणि एका बॅटरीची होती. इलेक्ट्रिक कार्टमध्ये क्लच नसतो. मोटर मागच्या आसाला कायमची जोडलेली असते, म्हणून चाकं फिरली की मोटर फिरणारच. सीटखाली ‘टो’ (ओढण्यासाठी) आणि ‘रन’ (चालवण्यासाठी) असा छोटा स्विच असतो. तो ‘रन’वर असेल तर ढकललेल्या किंवा ओढलेल्या गाडीत अनेक कंट्रोलर मोटरलाच ब्रेक बनवतात आणि फिरणारी मोटर उलट वीज तयार करू लागते. चांगल्या जोडणीत ती वीज बॅटऱ्यांमध्ये मुरते. तुमच्या गाडीत ती वाट वितळलेल्या खांबाशी तुटलेली होती, आणि सगळा मारा कंट्रोलरवर आला. गाडी ओढायच्या आधी तो स्विच ‘टो’वर करायला फोनवर सांगायलाच हवं होतं. ते कोणी सांगितलं नाही, म्हणून कंट्रोलर जळला. तो तुमच्यामुळे जळलेला नाही. त्याचे पैसे कापणं चूक होती, पूर्णपणे माझी, कारण बिलावर सही माझीच आहे.

जे कोणी कार्ट घेऊन लांब जातात, मग ती आमची असो, दुसऱ्याची असो की स्वतःची, त्यांनी या स्विचबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ‘टो’वर टाकल्यावर मोटरचा अडथळा जातो आणि उतारावर गाडी मोकळी पळू शकते. म्हणून आधी माणसं उतरवायची, पार्किंग ब्रेक खट्ट वाजेपर्यंत दाबायचा, चाकामागे दगड किंवा लाकूड लावायचं, किल्ली बंद, आणि मगच स्विचला हात. आमचा मुलगा फोनवर नुसतं ‘स्विच टो कर’ म्हणाला असता आणि वडील गाडीत बसलेले असते, तर? ते डोळ्यांसमोर आलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

ओढायचीच वेळ आली तर ताशी 15 किलोमीटरच्या आत, सुकाणूवर एक माणूस ब्रेक सांभाळत बसलेला. आस एकदा फिरला की मोटर साधारण 12 वेळा फिरते. ताशी 40 ने ओढली तर मोटर मिनिटाला साडेपाच हजारांवर फेऱ्या घेते, ज्यासाठी ती सहसा बनवलेली नसते. लांब न्यायची असेल तर ट्रेलरच. ट्रेलरवरही स्विच ‘टो’वर, पार्किंग ब्रेक लावलेला, चारही बाजूंनी पट्टे, आणि सीटची गादी काढून आत ठेवलेली. बऱ्याच गाद्या फक्त खाचेत बसवलेल्या असतात, वाऱ्याने उडून मागच्या वाहनावर पडतात.

शेजारच्या तंबूतले गृहस्थ कारच्या बॅटरीवरून ‘जंप’ देऊ म्हणत होते आणि तुम्ही नको म्हणालात, असंही तुम्ही लिहिलंय. फार मोठं संकट टाळलंत. कारची व्यवस्था 12 व्होल्टची, कार्टचा संच 48 चा. चुकीच्या दोन टोकांना चिमटे लागले असते तर कारचे इलेक्ट्रॉनिक्स गेले असते. शिवाय शिशाच्या बॅटऱ्यांजवळ चार्जिंगनंतर हायड्रोजन साठलेला असू शकतो, तिथे ठिणगी नकोच.

तुम्ही विचारलंत, ‘मी त्या वेळी काय करायला हवं होतं?’ ताई, तुम्ही जे केलंत त्यात काही कमी नव्हतं. पण दुसऱ्या कोणावर अशी वेळ आली तर एक सोपी तपासणी आहे. गाडी सुरक्षित उभी करून, किल्ली बंद करून, सीट उचला. हाताची मागची बाजू प्रत्येक जोडाजवळ न्या, स्पर्श न करता. एखाद्या जोडातून इतरांपेक्षा जास्त धग येत असेल तर दुखणं तिथेच आहे, आणि मग गाडी तसूभरही पुढे चालवू नका. नट स्वतः आवळायला जाऊ नका. उघडा पाना दोन खांबांना एकदम लागला तर तो लाल होतो, हातात अंगठी किंवा घड्याळ असेल तर भाजणं फार वाईट असतं. फोटो काढा, पाठवा, पुढचं आम्ही बघू.

तुमची एक मागणी मात्र मला मान्य करता येणार नाही. ‘कुठेही एका तासात बदली गाडी पोचली पाहिजे’ हे मी कबूल केलं तर ते खोटं ठरेल. ट्रेलर जोडून, गाडी चढवून, बांधून निघायलाच पाऊण तास जातो, पुढे रस्ता. मी एवढंच सांगू शकतो की गाडी बाहेर असेपर्यंत दोन माणसांकडे फोन असेल, आणि निघाल्यावर किती वेळ लागेल ते खरं सांगितलं जाईल, मग ते तीन तास असोत. वडिलांना तंबूपर्यंत कसं न्यायचं हा विचार तुम्हाला वेळेवर करता आला असता, जर कोणी खरी वेळ सांगितली असती.

डिपॉझिट पूर्ण परत केलं आहे, उरलेल्या दोन दिवसांचं भाडंही. तुम्ही रिव्ह्यू काढावा किंवा तारे वाढवावेत असं मी म्हणणार नाही. तो तिथेच राहू द्या, फक्त बॅटऱ्यांबद्दलचं वाक्य तुम्हाला पटलं तर बदला.

प्रत्येक कार्टच्या सीटखाली आता एक पत्रा चिकटवला आहे. त्यावर ‘टो’ स्विचचं चित्र, ब्रेक आणि दगड आधी, स्विच नंतर, आणि दोन फोन नंबर. फोनवर बसणाऱ्या तिघांनाही तुमच्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तुमचं नाव न सांगता, आणि वितळलेला खांब समोर टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी फोनवर असलेल्या मुलाला तुमच्याशी स्वतः बोलायचं आहे. तुमची हरकत नसेल तर सोयीची वेळ मला कळवा, तो फोन करेल. वडिलांची तब्येत कशी आहे, तेही कळवा.