आधी कादंबरी तर होऊ दे!

आज डोकं फिरलंय माझं. पोस्ट मोठी होणार आहे, कंटाळा असेल त्यांनी पुढं सरका, राग नाही.

दुपारी माझ्या डीटीपीच्या (म्हणजे मजकूर टाइप करून पुस्तकाची पानं लावून द्यायच्या) दुकानात एक मुलगा आला. मराठवाड्यातला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससी करतोय, म्हणजे आपण रोज चहाच्या टपऱ्यांवर शेकड्यानं बघतो त्यांतलाच एक. "ताई, कादंबरीचं डीटीपी करायचंय." म्हटलं दे. त्यानं मोबाइल काढून आधी मला मुखपृष्ठ दाखवलं. मग मलपृष्ठ, त्यावर हाताची घडी घातलेला त्याचा फोटो आणि लेखक परिचय. मग प्रकाशन समारंभाची पत्रिका, हॉल ठरलेला, फक्त प्रमुख पाहुण्यांचं नाव टाकायचं बाकी. सगळं बघून झाल्यावर मी विचारलं, अरे मजकूर कुठाय? तर पेनड्राइव्हमधून निघाली एक्केचाळीस पानं. वर्डमधली, डबल स्पेस. आणि एक्केचाळिसाव्या पानावर हीरो नुकताच एसटीतनं स्वारगेटला उतरलाय.

बाकीची? "होईल ताई, समारंभाच्या आधी काढतो लिहून."

मला हसूच आलं. मग त्यानं सांगितलं की पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांकडून पॅकेज घेतलंय, अडतीस हजारांचं. त्यात काय काय, तर कव्हर, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), पन्नास प्रती, ऑनलाइन विक्री, लेखक सन्मानपत्र आणि एक ट्रॉफी. डीटीपी मात्र त्यात नाही, ते ज्याचं त्यानं करून आणायचं! अर्धे पैसे भरून झालेत. कुठून आणले तर मेसचे थोडे, मित्राकडून थोडे. तिथं माझं हसू गेलं.

नाव लिहित नाही, कारण हे एकटेच नाहीत, यांचा आता धंदाच झालाय. पण मंडळी, आयएसबीएन फुकट असतो. फु-क-ट. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला स्वतःच्या नावानंही मिळतो. त्या पॅकेजच्या पत्रकात अजून एक ठळक ओळ होती, 'कॉपीराइट नोंदणी समाविष्ट'. अरे बाबा, तू लिहिलंस त्या क्षणापासून कॉपीराइट तुझाच आहे, नोंदणी सक्तीची नाहीच आणि तू गेल्यानंतरही साठ वर्षं तो तुझ्या वारसांचा असतो. एक्केचाळीस पानांचे वारस!

आणि मला काकू आठवल्या. जुन्या लोकांना काकूंची गोष्ट माहितेय, तरी परत सांगणार.

मी दुकान नवीन घेतलं होतं तेव्हाची गोष्ट. एक काकू भाजीची कापडी पिशवी घेऊन आल्या, त्यात जुन्या डायऱ्या. नवऱ्याला दरवर्षी कुठूनकुठून मिळायच्या त्या, साल उलटून गेलेल्या. पानापानावर निळं बॉलपेन, मध्येच काळं, एक अख्खं प्रकरण लाल, निळं संपलं असणार. पूर्ण कादंबरी. शेवटच्या डायरीत 'समाप्त' लिहून खाली दुहेरी रेघ मारलेली. विचारलं, काकू प्रकाशक कोण? म्हणाल्या, "प्रकाशक कसला गं, कोण छापतंय. एक प्रत टाइप करून दे. चष्म्याचा नंबर वाढलाय, माझं अक्षर मलाच लागेना."

टाइप करताना माझ्या लक्षात आलं की पहिल्या दोन डायऱ्यांत नायिका सुमित्रा आहे आणि तिसरीपासून एकदम सुलोचना. फोन केला, म्हटलं काकू, घोळ झालाय. काकू शांतपणे म्हणाल्या, "घोळ नाही. तिसऱ्या डायरीत मला कळलं की ही सुमित्रा नाहीये. पण मागं जाऊन खोडत बसले असते तर पुढं गेलेच नसते. म्हटलं आधी हिला आळंदीहून घरी आणू, नावाचं नंतर बघू."

कादंबरी लिहायला सुरुवात कशी करायची असं जे मला इनबॉक्समध्ये विचारतात (डीटीपीवालीला काय विचारायचं खरं तर, पण विचारतात) त्यांना मी हेच सांगते. यापलीकडं मला फार काही माहीत नाही.

या पोराला विचारलं, एक्केचाळीस पानांना किती दिवस लागले? दोन वर्षं. कारण कुठल्याशा ऑनलाइन वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं की पहिल्याच वाक्यानं वाचकाला धरलं पाहिजे. झालं. पोरगा दोन वर्षं पहिलंच प्रकरण घासतोय. पहिलं वाक्य शेवटी सुद्धा लिहिता येतं रे, शेवट झाल्यावरच कळतं गोष्ट कुठून सुरू होते ते. हां, वर्कशॉपमधून एखाद्याला फायदा होतही असेल, चार लिहिणारी माणसं तरी भेटतात. बरं.

मग त्यानं मला ते नेहमीचं ऐकवलं. "ताई, नेमाड्यांनी कोसला पंधरा दिवसांत लिहिली ना." हे पंधरा दिवस महाराष्ट्रातल्या प्रत्येक होतकरू कादंबरीकाराला तोंडपाठ आहेत! म्हटलं, लिहिली, १९६३ साली, पंचविशीत. पण आधी लिहून संपवली आणि मग छापली, समारंभाची तारीख धरून नाही लिहिली. आणि तुझी दोन वर्षं झालीत, तू कुठल्या तोंडानं पंधरा दिवस सांगतोस.

आमच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर आनंदाश्रम आहे, संस्कृत ग्रंथांची जुनी संस्था. कादंबरीकार हरिभाऊ आपटे तिथला कारभार बघायचे. अप्पा बळवंत चौकात गाइडं घ्यायला येणाऱ्या किती जणांना हे माहितेय देव जाणे. सव्विसाव्या वर्षी, १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः दिली. विचार करा, आठवडा आला की मजकूर द्यायचाच, आणि मागचा अंक लोकांच्या घरात पोचलेला, त्यात काही खोडायची सोयच नाही. फक्त पुढं जायचं. काकू त्यांच्या स्वयंपाकघरात वेगळं काय करत होत्या?

(कुणीतरी कमेंटमध्ये येणार की हरिभाऊंची तुलना कुठल्या काकूंशी करतेस. करते.)

आता हिशेब सांगते, कारण मी दिवसभर फर्मेच मोजत असते. हातानं लिहिलेलं फुलस्केप पान म्हणजे साधारण अडीचशे शब्द. रोज एक पान. आठ महिन्यांत साठ हजार शब्द होतात, म्हणजे डेमी साइजमध्ये (कादंबरीच्या नेहमीच्या आकारात) दोनशेच्या वर पानं, सोळा पानांचा एक फर्मा धरला तर तेरा फर्मे. चांगली हातात धरण्यासारखी कादंबरी. रोज एक पान, तेसुद्धा वाईट चालेल. वेळ नाही म्हणता? काकू पहाटे नळाला पाणी यायच्या आधी लिहायच्या, पाणी आलं की पेन खाली. आता काकूंच्या घरी पेन्शन येत होती, डोक्यावर परीक्षा नव्हती, मान्य आहे, कॉटचं भाडं भरणाऱ्या पोराला काकूंचा न्याय लावता येत नाही. तरी पण.

दुसरं काम म्हणजे शेजारी एक पातळ वही ठेवा. कोण कुणाचा कोण, वय किती, कुठल्या साली काय झालं. हे का सांगतेय, तर माझ्याकडं आलेल्या एका कादंबरीत आजी दोनदा वारली होती. दोन्ही वेळा छान रडवलं होतं लेखकानं. आणि लिहून होईपर्यंत मित्रांना वाचून दाखवू नका, दोघं 'एक नंबर भावा' म्हणाले की पुढचं लिहायची खुमखुमीच जाते, मी बघितलंय.

असो. मी कुठं होते? हां, पोरगा.

गिऱ्हाइकाचा मजकूर वाचायचा नाही, नुसता लावायचा असा माझा नियम आहे, पण मी त्याची पानं वाचली. आणि आता खरा राग कशाचा आलाय ते सांगते. पानं चांगली आहेत. अभ्यासिकेवरची कादंबरी आहे. त्यात एक तेहतिशीचा माणूस आहे, खिडकीजवळची खुर्ची त्याची, दर गणपतीला घरी फोन करून सांगतो की हा शेवटचा अटेम्प्ट. रात्रीचा वॉचमन आहे तो पोरांनी टाकून दिलेले जुने पेपर सोडवत बसतो आणि सकाळी गुपचूप उत्तरं ताडून बघतो. हे पुण्यात रोज घडतंय, आपल्या नाकासमोर, आणि लिहिणारा हा पोरगा कॉटवर बसलाय. आणि त्या पॅकेजवाल्यांच्या 'भाषा संपादका'नं काय केलं माहितेय? त्याच्या पात्रांचं बोलणं दुरुस्त केलं. लातूरकडचा माणूस मित्राला 'काय करायलास' म्हणतो, तर तिथं 'काय करत आहेस'. सगळीकडे. एक्केचाळीस पानं धुऊन इस्त्री करून दिली. पोराला वाटतंय बरोबरच केलं, शुद्ध झालं! मी म्हटलं तुझी मूळची फाइल आहे का? आहे म्हणाला, मेलवर. नशीब.

पदरच्या पैशानं पुस्तक काढणं वाईट नाही, आधीच सांगते, नाहीतर भांडायला याल. चांगली पुस्तकं निघालीत तशी, मीच लावलीत. आणि मोठ्या प्रकाशकांकडं हस्तलिखित वर्ष-वर्ष पडून राहतं, साधी पोचही येत नाही, हेही खरं. पण राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी, ती या पोराला कुणी सांगितली नाही. सांगतील कसे, तिथं पूर्ण हस्तलिखित द्यावं लागतं. प्रकाशकाकडं जा, तिथंही पूर्ण लागतं. अर्धवट कादंबरीवर पैसे घेणारे फक्त हे ट्रॉफीवाले.

मी जरा जोरातच बोलले त्याला. म्हटलं उरलेले पैसे भरायचे नाहीत, समारंभ रद्द कर. तर तो गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, घरी सांगितलंय. पप्पांनी गावात सांगितलंय. पाच वर्षं झाली मला इथं येऊन, त्यांना कुणी विचारलं पोरगं काय करतंय तर सांगायला काहीच नसतं. पुस्तकावर फोटो असला तर…"

यावर काय बोलणार? मी चहा सांगितला.

पाच वर्षं पोरानं घरी निकालाची एकही यादी दाखवलेली नाही ज्यात त्याचं नाव आहे. मला कळतं रे. कुणाला नाही कळणार? म्हणूनच त्या पॅकेजवाल्यांचा जास्त राग येतो, त्यांनाही हेच कळतं आणि त्यांनी त्याची किंमत लावलीय, अडतीस हजार.

काकूंची छापली का असं त्यानं विचारलं. नाही छापली. मी एक प्रत काढून स्पायरल बाइंडिंग करून दिली, नंतर भिशीतल्या बायकांसाठी अजून दोन झेरॉक्स करून नेल्या. पुढच्या वर्षी पिशवीत परत दोन डायऱ्या. नवीन कादंबरी. सुलोचनाची मुलगी.

शेवटी आमचं असं ठरलंय की समारंभ तो पुढं ढकलणार आणि पप्पांना सांगणार की छपाई लांबलीय, जे खोटं असलं तरी मराठीत सगळ्यांना पटतं. मूळ फाइल उघडायची, स्वारगेटपासून पुढं लिहायचं, मागं एक अक्षर बदलायचं नाही. पूर्ण झाली की डीटीपी मी करणार. पैसे घेऊन करणार, समाजसेवा नाही, पण हप्त्यानं चालतील.

आणि तुमच्यापैकी जे कुणी लिहिताय त्यांना हात जोडून विनंती, युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं कन्व्हर्ट करताना रफार उडतात आणि दोनशे पानांत ते एकेक शोधून लावायला माझ्याकडं वेळ नाही.