अहो, मूळ फोटो पाठवा!

लग्न लागतं आणि तासाभरात फॅमिली ग्रुपवर दीडशे फोटो कोसळतात. सगळे चिरडलेले! ४०००×३००० पिक्सेलचा फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. मग आजीचा फोटो ८×१२ इंचात फ्रेम करायचा तर ३०० डीपीआयला (छपाईत इंचाला ३०० ठिपके) लागणारे २४००×३६०० पिक्सेल आणायचे कुठून? नऊवारीचा काठ धुरकट, नथीतले मोती एकमेकांत मिसळलेले, अक्षतांचे नुसते ठिपके. फोटो काढल्याची तारीखही फाइलमधून गेलेली! वीस वर्षांनी कोण सांगणार, हे कुठल्या साली?

अहो, पिनच्या खुणेवर बोट ठेवा, 'डॉक्युमेंट' निवडा, तिथून फोटो पाठवा. मूळ फाइल तारखेसकट जाते. एवढंही जड आहे? व्हॉट्सॲपमधला 'एचडी' पर्याय त्यातल्या त्यात बरा, पण तोही फोटो मूळ नव्हे. फोटो फार असतील तर गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

आणि ते स्क्रीनशॉट! वर बॅटरी १४ टक्के, खाली बाण, मधे बोटभर आजोबा. कशासाठी? मूळ फोटो तुमच्याच फोनमध्ये आहे ना? मग 'जागा भरली' म्हणून उडवायच्या आधी तो द्या की हो!