फळांचा मानपान

"उन्हाळ्यात गॅसजवळ कुठे उभी राहतेस, गारेगार फ्रूट सॅलड कर की," असं सुचवणाऱ्याने आयुष्यात कधी डाळिंब सोललेलं नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते. त्याच्या हिशोबी फळं चिरायची, दुधात सोडायची, फ्रिजमध्ये ढकलायची. वीस मिनिटांचं काम. प्रत्यक्षात हे लग्नघर आहे. सगळी फळं एकाच मांडवात हवीत, पण कोणाला आधी बोलवायचं, कोणाला शेवटच्या पंगतीला बसवायचं आणि कोणाला पत्रिकाच द्यायची नाही, हे ठरवताना यजमानीण घामाघूम होते.

पत्रिका न देण्यापासूनच सुरुवात करते, कारण खरा घात तिथेच होतो. कच्चं, म्हणजे न शिजवलेलं अननस. दिसायला राजबिंडं, वासाला त्याहून, आणि बाजारात तो गाडीवाला सोलून, डोळे काढून, चकत्या करून पिशवीत देतो म्हणून मोह पडतो. पण अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याचं काम प्रथिनं तोडणं, आणि दुधात प्रथिनं असतातच. तासाभरात कस्टर्ड कडवट लागायला लागतं, पाणी सुटतं, आणि घरभर "दूध कालचं होतं का?" अशी चौकशी सुरू होते. दूधवाल्याचा यात काडीचा दोष नसतो. किवीचं आणि पपईचं तेच. त्यांची विकरं वेगळी, उद्योग तोच. अननस हवंच असेल तर फोडींवर दोन चमचे साखर घालून, त्यांना सुटलेल्या पाण्यातच पाच-सात मिनिटं चांगलं उकळू द्यायचं. उष्णतेने विकर निकामी होतं. मग पूर्ण गार करून, निथळून घालायचं. डब्यातलं अननस आधीच शिजलेलं असतं, म्हणून ते गुण्यागोविंदाने राहतं. गंमत म्हणजे ज्या पपईला आपण दारातून परत पाठवतो तीच टुटीफ्रुटी होऊन मागच्या दाराने येते. टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे तुकडे, उकळून पाकात मुरवलेले, त्यामुळे निरुपद्रवी. आणि वर जी लाल चेरी बसते, ती बहुतेक वेळा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतं. ती वाढतानाच ठेवावी, नाहीतर भोवती गुलाबी ओघळ येतात.

संत्रं-मोसंबीलाही पत्रिका नाही. आंबटपणाने दूध फाटतं, एवढं पुरे. कलिंगड तर नावाप्रमाणे वागत नाही, पाण्याप्रमाणे वागतं. दुधात घातलं की अर्ध्या तासात सगळ्याचं सरबत.

आता कस्टर्ड. हा पदार्थ आपल्या शाकाहारी घरांत इतका रुळला याचं श्रेय बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याला. त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून 1837 साली त्याने मक्याच्या पिठाचं, म्हणजे कॉर्नफ्लोअरचं, बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. बायकोच्या पथ्यासाठी नवऱ्याने इतकं केल्याचं उदाहरण आमच्या सोसायटीत आजतागायत दुसरं नाही. पण त्यामुळेच एक अडचण होते. फळं उपासाची, दूध उपासाचं, साखर उपासाची. मात्र पावडर मक्याच्या पिठाची. चतुर्थीला "आम्हाला चालेल ना?" असं विचारणाऱ्यांना उत्तर देण्यापेक्षा केळ्याचं शिकरण करून मोकळं व्हावं.

प्रमाण सांगते. सहा-आठ वाट्यांसाठी एक लिटर म्हशीचं दूध, तीन सपाट टेबलस्पून कस्टर्ड पावडर, साधारण 100 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. चिरलेली फळं सगळी मिळून 600 ते 700 ग्रॅम. पाकिटावर पावडरीचं प्रमाण जास्त दिलेलं असतं, कारण ते पुडिंगसाठी असतं. त्या मापाने केलं तर सकाळी फ्रिजमधून वडी निघते. अर्धी वाटी दूध गार असतानाच बाजूला काढून त्यात पावडर कालवायची. गरम दुधात कोरडी पावडर टाकली की प्रत्येक गुठळी बाहेरून शिजते आणि आत कोरडं पीठ राखून ठेवते. मग ती चाळणीवर घासत बसा. उरलेलं दूध उकळून मंद आंचेवर दहा मिनिटं आटवायचं, साखर घालायची, आणि एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने कालवलेली पावडर बारीक धारेने सोडायची. सोडण्यापूर्वी ती पुन्हा ढवळायची, कारण पीठ तळाशी बसलेलं असतं. त्यानंतर तीन-चार मिनिटं चांगले बुडबुडे येऊ द्यायचे. लवकर उतरवलं तर कच्च्या पिठाची चव राहते.

दाटपणा गरम असताना ठरवायचा, पण खायचा गार असताना, हा यातला सगळ्यात मोठा सापळा. गॅसवर असताना कस्टर्ड पळीवरून सहज ओघळायला हवं आणि मागे जेमतेम थर राहायला हवा. "पातळच दिसतंय" म्हणून कोणी आणखी चमचाभर पावडर सुचवील, त्याला दुकानात लिंबं आणायला पाठवावं. गार झाल्यावर ते दाट होतंच. साखरेचं उलटं आहे: गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे गरम असताना किंचित जास्तच गोड वाटलं पाहिजे.

पातेलं थेट फ्रिजमध्ये जात नाही. परातीत पाणी आणि बर्फ घालून त्यात ठेवायचं आणि अधूनमधून ढवळायचं, म्हणजे साय धरत नाही. साय धरली तर ती नंतर फळाचा तुकडा समजून एखाद्या पाहुण्याच्या तोंडात जाते आणि तो विचारात पडतो. फ्रीजरचा शॉर्टकट नको. मक्याचं पीठ गोठलं आणि पुन्हा वितळलं की पाणी सोडतं, वर दाणेदार होतं.

आणि चव घेण्याचा चमचा! गार कस्टर्ड सकाळपर्यंत पातळ का झालं, यावर घरात जे तर्क लढवले जातात त्यात गुन्हेगार कधीच सापडत नाही, कारण तो तर्क लढवणाऱ्यांतच बसलेला असतो. आपल्या लाळेत अमायलेज असतं, ते पिठूळ पदार्थ फोडतं. जाता-येता फ्रिज उघडून एक चमचा तोंडात आणि तोच पुन्हा पातेल्यात, असं दोघा-तिघांनी केलं की कस्टर्ड हळूहळू विरघळत जातं. पातेल्याला झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवावा असं माझं मत आहे.

मग फळं. सफरचंद उन्हाळ्यात शीतगृहातलंच मिळतं. ते दाबून बघून घ्यावं. पिठूळ निघालं तर दुधात त्याचा भुगा होतो. चिरलं की काळं पडतं, म्हणून लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून फोडी पाच मिनिटं बुडवायच्या आणि निथळायच्या. लिंबू पिळायची सवय असेल तर ती भेळेसाठी राखून ठेवा.

द्राक्षं मे महिन्यापर्यंत संपत आलेली असतात. उरलेल्यांत एक आंबट हमखास असतो, आणि तो चाखून बघितलेल्यांत कधीच नसतो. ती उभी कापावीत. अख्खं द्राक्ष चमच्यावरून घरंगळतं, आणि लहान मुलांच्या घशात अडकण्याची भीती असते ती वेगळीच. धुतल्यावर फडक्यावर कोरडी करावीत. प्रत्येक फळासोबत आलेलं चमचाभर पाणी शेवटी वाटीभर होतं.

डाळिंबाचा प्रश्न रंगाचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेला भगवा हा वाण दिसतो देखणा, पण दाणा फुटला की कस्टर्डवर जांभळट डाग. दोन भाग करून पाण्याने भरलेल्या पातेल्यात सोलायचं: दाणे तळाला जातात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो, आणि पांढरा कुर्ता वाचतो. वर भुरभुरायला शेवटी घ्यावेत.

चिकूचं वय जमणं म्हणजे नशीब. कच्चा असला तर तुरटपणाने जीभ जड होते आणि ओठ चिकटतात. एक दिवस उशीर झाला की दुधात विरघळून सगळ्याला चहाचा रंग देतो. देठाजवळ बोटाने दाबल्यावर किंचित खचेल तोच घ्यावा. बीला टोकाशी हुकासारखा आकडा असतो, ती मोजून काढावी.

आंबा हापूसच, तोही घट्ट बाजूचा. पायरीच्या फोडी करायला जाऊ नये, ती रसासाठी जन्माला आली आहे. आंबा घातला तर व्हॅनिलाच्या वासाची पावडर जपूनच घालावी आणि वेलची तर अजिबात नको. तिघांची एकमेकांवर कुरघोडी चालते आणि शेवटी आंबा हरतो, जो सगळ्यात महाग असतो.

केळं शेवटच्या पंगतीला. वाढण्याआधी दहा मिनिटं, पिवळं, ठिपके न पडलेलं. आदल्या रात्री घातलेलं केळं सकाळी काळं आणि बुळबुळीत होतं. वेळेचा हा नियम एकटा पाळला तरी निम्मी अब्रू वाचते. म्हणून कस्टर्ड एका पातेल्यात, सफरचंद, द्राक्षं, शिजवलेलं अननस दुसऱ्या डब्यात, आणि दोघांची भेट वाढण्याआधी तासभर. कांद्याची कोशिंबीर त्याच कप्प्यात ठेवू नये. दूध वास फार लवकर उचलतं.

सगळं जमलं की माणसांचा मानपान सुरू होतो. एकाला केळ्याने सर्दी होते. एकीला चिकू वेचून हवा, म्हणजे काढून टाकायला. काकांना शुगर आहे, म्हणून ते "अर्धीच वाटी" घेतात, तीनदा. आत्या दूध आणि फळं म्हणजे विरुद्ध आहार असं आयुर्वेदाचा हवाला देऊन सांगतात. आंबट फळांच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे, पण हे त्या पुरी बुडवत सांगतात. पुऱ्या मात्र गरमच हव्यात, म्हणजे गारेगार पदार्थ करणारी बाई शेवटी कढईपुढेच उभी.

उन्हाळ्यात पातेलं टेबलावर तासभरापेक्षा जास्त राहू नये. राहिलेलं लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवायचं. तोवर केळी काळी आणि चिकू बेपत्ता झालेला असतो. डाळिंबाचे दाणे वेचून बाकीचं मिक्सरमधून फिरवायचं, पेलाभर गार दूध घालायचं, उंच ग्लासात ओतायचं. कोणी विचारलंच तर "मिल्कशेक" म्हणायचं. कालचं फ्रूट सॅलड नको म्हणणारे दोन-दोन ग्लास रिचवतात.