तीन ब्रासचं काम

गेली एकवीस वर्षं मी बँकेत घरकर्जाच्या टेबलावर आहे. इंजिनिअरने केलेलं अंदाजपत्रक समोर येतं, मी प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने खूण करतो आणि खाली सही ठोकतो. सिमेंट इतक्या गोण्या, सळई इतके किलो, वाळू इतके ब्रास. 'नऊ ब्रास जरा जास्तच धरलेत,' असं मी मधूनमधून गिऱ्हाइकाला चष्म्यावरून बघत सुनावतोही. तेवढं म्हटलं की साहेबाला कळतं असं वाटतं. खरं सांगायचं तर ब्रास ही चीज मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. ब्रास म्हणजे पितळ, एवढंच शाळेत शिकलो होतो. आणि ते उघडं पडलं गेल्या जानेवारीत, कराडात, आमच्याच दारात.

निमित्त परसाचं. पावसाळाभर तिथे चिखल, उन्हाळाभर धूळ. बायकोने मोबाइलवर कुणाचं तरी परस बघितलं: ब्लॉक बसवलेलं अंगण, कडेला हिरवळ, मधे तुळस, आणि त्यात हसत चहा पिणारं एक जोडपं. "अहो, जोडपं नाही जमलं तरी चालेल, निदान ब्लॉक तरी बसवू," ती म्हणाली. मी टेप घेऊन गेलो. लांबी २० फूट, रुंदी १५. मिस्त्री फोनवर म्हणाला, ब्लॉकखाली दोन इंच वाळू लागेल.

विजेच्या बिलामागे हिशेब केला. वीस गुणिले पंधरा, तीनशे. गुणिले दोन, सहाशे. ब्रास म्हणजे १०० घनफूट हे तोंडपाठ होतं. सहा ब्रास! इतक्या सुबक सुटलेल्या हिशेबावर संशय तरी कसा घ्यायचा?

नववीतल्या लेकीने कागद उलटसुलट करून बघितला. "बाबा, तुम्ही फुटाला इंचाने गुणलंय."

"मग?"

"मग काही नाही. उत्तर चुकलंय."

तिचं म्हणणं, दोन इंच म्हणजे फुटाचा सहावा भाग. तीनशेला सहाने भागा, आले ५० घनफूट. म्हणजे अर्धा ब्रास. मला ते पटेना. एवढं मोठं परस आणि अर्धा ब्रास? अर्धा चहा असतो, अर्धं तिकीट असतं. बँकेत एकाच घराच्या दोन किमती आल्या की आम्ही वाद घालत नाही, मधला आकडा धरतो. सहा आणि अर्ध्याच्या मधे सव्वातीन.

संध्याकाळी मिस्त्री आला. परसात दोन चकरा मारल्या, पायानेच माप घेतलं, तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि म्हणाला, "तीन ब्रासचं काम हाय, साहेब."

मी लेकीकडे बघितलं. ती काही न बोलता आत गेली.

वाळूवाल्याला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "नदीची की क्रश?"

"नदीची काय भाव?"

त्याचा आवाज एकदम देवघरात बोलल्यासारखा झाला. "नदीची सध्या बंद आहे."

"म्हणजे नाही?"

"पाहिजे असेल तर बघू."

"पण बंद आहे ना?"

"साहेब, तुम्हाला पाहिजे का?"

बँकेतल्या माणसाने अशा संवादात फार रेंगाळू नये. मी क्रश सांगितली. कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहतो, नदी गच्चीतून दिसते, आणि वाळू मात्र डोंगर फोडून, दगड दळून केलेली. भाव साडेचार हजार रुपये ब्रास, तीन ब्रासचे साडेतेरा हजार. "थोडी कमी केली तर?" असं मी घासाघिशीच्या सवयीने विचारलं. तो म्हणाला, "डंपर तेवढाच येतो."

पहाटे साडेपाचला भूकंप झाला. म्हणजे मला तसं वाटलं. बाहेर येऊन बघतो तर डंपर पाठ वर करून उभा आणि फाटकासमोर वाळूचा डोंगर. आमचं फाटक उघडतं बाहेरच्या बाजूला. ते आता उघडत नव्हतं. शेजारच्या काकांची स्कूटर चाकापर्यंत गडप झालेली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "चापूनचोपून माप आहे साहेब," आणि निघून गेला. कोरड्या वाळूचा ब्रास साधारण साडेचार टनांचा भरतो. एक हत्ती म्हणा. आमच्या आजोबांच्या वेळी दारी हत्ती झुलत असत अशी घरात आख्यायिका आहे. माझ्या दारी एकदम तीन आले आणि बसले.

आठ वाजता मिस्त्री आला. थबकला. "ह्ये काय ओ?"

"तीन ब्रास."

"आवो, काम तीन ब्रासचं म्हनलं मी. वाळू कुठं म्हनलं?"

मग त्याने मला ज्ञान दिलं, तेही गल्लीतल्या पाच-सहा माणसांसमक्ष. ब्रास दोन असतात. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास १०० घनफुटांचा. पण फरशी, ब्लॉक, गिलावा यांच्या मजुरीचा ब्रास १०० चौरस फुटांचा. माझं परस ३०० चौरस फूट, म्हणून काम तीन ब्रासचं. "वाळू काय, ह्याला अर्धा ब्रास रग्गड," तो म्हणाला. खिडकीत लेक दात घासत उभी होती. तिने काहीच म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस गल्लीने त्या ढिगाचा ताबा घेतला. सकाळी मांजरं, दुपारी कुत्री, संध्याकाळी पोरं. पोरांनी किल्ला केला, बुरूज केले, खंदक खणला. मॉर्निंग वॉकवाले थांबून विचारत, "माडी चढवताय वाटतं?" मी म्हणे, "नाही, परसात ब्लॉक बसवतोय." ते ढिगाकडे बघत, मग माझ्याकडे बघत, आणि "असं, असं," म्हणत निघून जात. 'स्टाफला कर्ज स्वस्त पडतं' हे वाक्य मला पाठमोऱ्या लोकांकडून दोनदा ऐकू आलं.

पाचव्या दिवशी सासरे आले. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्तीला चौदा वर्षं झाली, पण हात अजून मोजपट्टी शोधतात. सोबत त्यांनी वर्तमानपत्राचं २०२३ सालचं कात्रण आणलं होतं: सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रास वाळू. मी म्हटलं, ती नदीची होती, वाहतूक वेगळी होती, आणि २०२५मध्ये ते धोरणही बदललं. "असेल," ते म्हणाले, "पण सहाशे कुठे आणि साडेचार हजार कुठे." कात्रण त्यांनी परत घडी करून खिशात ठेवलं, पुढच्या जावयासाठी असावं.

मग ढिगात हात घालून त्यांनी एक मूठ वाळू दाबली. मूठ उघडली तर लाडू तयार. "जावईबापू, ओली घेतलीत?"

"धुतलेली आहे. वॉश म्हणतात तिला."

"बरणी आणा."

घरात सरळ काचेची बरणी एकच, लोणच्याची. बायकोने ती डोळ्यांत पाणी आणून रिकामी केली. सासऱ्यांनी तिच्यात वाळू हलक्या हाताने सोडली, न दाबता, आणि लेकीची कंपासपेटीतली पट्टी बाहेरून लावली: १५ सेंटिमीटर. मग तांब्याभर पाणी वरून ओतलं, काठीने तळापर्यंत ढवळलं आणि बरणी ओट्यावर ठेवून दिली. आम्ही चौघं दूध उतू जायची वाट बघावी तसे तिच्याकडे बघत उभे. गढूळ पाणी निवळत गेलं, वाळू खाली बसत गेली, बसतच गेली. पुन्हा पट्टी लावली. १२.

"बघा," सासरे म्हणाले, आणि चौदा वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर साइटवरचं तेज आलं. दमट वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचं पातळ पापुद्रं असतं. ते कणांना एकमेकांना खेटू देत नाही, म्हणून वाळू फुगते. पुरती बुडवली की पापुद्रं मोडतं आणि वाळू कोरडीइतकीच जागा घेते. बारावर तीन, म्हणजे २५ टक्के फुगवटा. लेकीने तिथल्या तिथे भागाकार केला: ३०० घनफूट दिसणारी वाळू खरी २४०च. उरलेले ६० घनफूट म्हणजे पाणी आणि हवा. किंमत रुपये २,७००.

"फसवलं तुम्हाला," सासरे म्हणाले.

मला मात्र फसवलं गेल्याचा आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला. साठ घनफूट कमी उचलायचे होते! वाळूवाल्याने आणखी जरा फसवलं असतं तर किती उपकार झाले असते.

ब्लॉकचं काम दोन दिवसांत उरकलं. ५० घनफूट, लेक म्हणाली होती तितकीच वाळू लागली, सांध्यांत झाडूने भरलेली धरून. अंगण सुरेख झालं, पण तिकडे कोण बघतो? फाटकात १९० घनफूट शिल्लक होती.

वाळू विकत घेणं सोपं. फुकट देऊन बघा. गल्लीत जाहीर केलं तर प्रत्येकाला 'दोनच घमेली' हवी होती, तीही आम्ही पोचवून. शाळेच्या लांब उडीच्या खड्ड्यासाठी देतो म्हणून सांगायला गेलो, तर खेळाच्या सरांनी चिमूटभर घेऊन अंगठ्याने चोळली. "क्रश? धार आहे हिला. पोरांचे गुडघे सोलून निघतील." फुटाणेवाल्याने तर भट्टीवरून मानही वर केली नाही. "नदीची असली तर बघू," तो म्हणाला, आणि त्याचाही आवाज देवघरातला झाला.

शेवटी मला बँकेतल्या आगीच्या लाल बादल्या आठवल्या. त्यात वाळू असावी असा नियम आहे. आमच्यात विड्यांची थोटकं आणि सणांच्या हाराचे दोरे होते. नऊ लिटरच्या चार बादल्या मी रिक्षातून वाळू नेऊन स्वतःच्या हाताने भरल्या. मॅनेजरांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. घनफुटाला साधारण २८ लिटर, म्हणजे सव्वा घनफूट संपली. रिक्षाचे साठ रुपये गेले.

दोन दिवसांनी मिस्त्री राहिलेली मजुरी घ्यायला आला. तीन ब्रासची, चौरस. पैसे मोजून खिशात घातले आणि तो ढिगाशी घुटमळला. "साहेब, एवढी वाळू दारात पडलीया. गच्चीवर दहा बाय बाराची एक खोली टाका की. सिमेंट, खडी, सळई, विटा घ्या फक्त."

बायको दारातच होती. "पोरीला अभ्यासाला होईल," ती म्हणाली.

मी काही म्हणायच्या आत लेक वही घेऊन बसली. मिस्त्रीने आकडे सांगितले, तिने लिहिले, आणि त्या रात्री एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मी अंदाजपत्रकातली एकेक ओळ वाचून खूण केली. सकाळी कागद मिस्त्रीला दिला. त्याने तो वरून खाली बघितला, मग ढिगाकडे बघितलं, चपलेच्या टोकाने कडेची वाळू जरा आत लोटली.

"समदं बरोबर हाय," तो म्हणाला. "फकस्त वाळू जरा कमी पडंल. एक ट्रॉली सांगून ठिवा."